दुकानातून दवाखान्यात

नाशकात द्वारका नावाचा चौक आहे. ही कृष्णाची द्वारका नव्हे. ती गुजरातेत, समुद्राकाठी. आपली द्वारका म्हणजे रस्त्यांचा गुंता. मुंबईहून आग्र्याला जाणारा मोठा रस्ता इथून जातो. पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. सिन्नरकडचा माणूस इथे येतो, ओझर-पिंपळगावचा येतो, घोटी-इगतपुरीचाही येतो. कुणाच्या हातात बाजाराची पिशवी असते. कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असतं. कारण या भागात जशी दुकानं पुष्कळ, तसे दवाखानेही पुष्कळ. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयही कथड्याला, इथून जवळच आहे.

दवाखान्यात शिरलं की समोर टेबल दिसतं. टेबलामागे बहुधा एखादी बाई बसलेली असते. ती नाव विचारते, केस पेपर काढते, नंबर देते, पैसे घेते, पावती देते. तिला रिसेप्शनिस्ट म्हणतात. शब्द लांब आहे. आपण तिला खिडकीवरची बाई म्हणू. पुरुषही हे काम करतात, ते यात धरलेच आहेत.

या खिडकीवर बसणाऱ्या कितीतरी जणी आधी दुकानात होत्या. कुणी कापडाच्या, कुणी भांड्यांच्या, कुणी औषधांच्या. त्या दुकान सोडून इकडे का आल्या? एक कारण पायांचं आहे. पुष्कळ दुकानांत गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा शिरस्ता असतो. दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. तमिळनाडूने २०२१ साली कायदाच केला, की दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्या. यावरून दुखणं किती जुनं असेल ते समजा. दुसरं कारण सणांचं. दिवाळीत सारं जग घरी असतं, आणि दुकानातली बाई साड्यांच्या घड्या घालत असते.

पण दवाखान्यात आराम आहे, असं कुणी समजू नये. इथली दिवाळी पावसाळ्यात येते. ताप, जुलाब, डेंग्यू यांची रांग लागते. पुष्कळ दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी उघडतात. मधले तीन-चार तास ना घरचे, ना कामाचे.

दुकानात शिकलेलं वाया जात नाही. उलट तेच उपयोगी पडतं. वीस साड्या उलगडून दाखवल्या आणि गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं, तरी जिच्या कपाळाला आठी पडत नाही, ती बाई कुठल्याही खिडकीवर बसू शकेल. सुटे पैसे मोजणं, गल्ल्याचा हिशोब रात्री जुळवणं, चेहरा लक्षात ठेवणं, चिडलेल्याशी हळू बोलणं, हे सगळं तिला येत असतं. डॉक्टरांनाही हे कळतं. म्हणून तर ते अशा बायांना ठेवून घेतात.

मात्र दुकानातल्या काही सवयी दवाखान्यात घातक ठरतात.

दुकानात नियम सोपा. जो आधी आला, त्याला आधी. आता हे पाहा. सकाळचे अकरा वाजले आहेत. बाकावर पंधरा माणसं बसली आहेत. सिन्नरकडचे एक म्हातारबाबा येतात. सोबत सून आहे. ती म्हणते, "ताई, बाबांचं तोंड वाकडं झाल्यागत वाटतंय. बोलणंबी नीट कळत नाही."

दुकानातली सवय सांगते, "नंबर सोळा. बसा तिकडे."

शहाणी बाई तसं म्हणत नाही. ती विचारते, "कधीपासून, वहिनी?"

"सकाळी नऊ वाजता चहा पिताना ध्यानात आलं."

"बाबा, दोन्ही हात वर करा बरं." एक हात वर राहतो, दुसरा खाली येतो. बाई खुर्ची सोडून सरळ डॉक्टरांच्या खोलीत जाते.

एवढी घाई कशाला? मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गाठ अडकली, की असं होतं. त्याला पक्षाघाताचा झटका म्हणतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही डोक्याचा फोटो काढून, मोठ्या रुग्णालयात. बाबांचे दोन तास घरी आणि गाडीत गेले. उरले अडीच. ते बाकावर घालवले, तर बाबांचा हात जन्माचा जाईल. म्हणून "कधीपासून" हा प्रश्न नावगावाच्याही आधीचा.

छातीत कळ येऊन घाम फुटलेला माणूस, साप चावलेला, झटके येणारं मूल, अंगावरून रक्त जाणारी गरोदर बाई, धाप लागून बोलता न येणारा, यांना नंबर नसतो. रोग ओळखणं हे खिडकीवरच्या बाईचं काम नव्हे. धोका दिसला, की उठून आत सांगणं हे तिचं काम आहे. डॉक्टर नसतील तर १०८ वर फोन करावा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद मागून करा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला आहे.

दुसरी गोष्ट नावाची. साडीच्या पावतीवर नाव चुकलं, तर साडी बदलत नाही. दवाखान्यात नाव चुकलं, तर औषध बदलतं. आमच्याकडे एकेका गावात निम्मी माणसं एकाच आडनावाची. त्यात नावंही तीच तीच. आम्ही स्वतः एकदा एका दवाखान्यातून दुसऱ्याच माणसाचा रक्ताचा कागद घेऊन घरी आलो. साखर भलतीच वाढलेली दिसली. दोन दिवस गोड तर सोडाच, भातही खाल्ला नाही. मग कुणीतरी वय वाचलं. कागदावरचा माणूस आमच्याहून वीस वर्षांनी मोठा होता! तेव्हा हसलो. पण त्या बिचाऱ्याच्या हातात आमचा चांगला कागद गेला असेल, आणि तो निर्धास्त जिलबी खात असेल, हे मनात आलं आणि हसू थांबलं. म्हणून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव आणि फोन, सगळं विचारावं. कागद देतानाही पुन्हा विचारावं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं, तर ऐकायला कमी येणारा माणूसही "हो" म्हणतो. त्यापेक्षा "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणावं.

तिसरी गोष्ट जिभेची. दुकानात कुणी काय घेतलं, हे चारचौघांत बोललं जातं. लग्नाचा बस्ता तर सगळ्या गल्लीला ठाऊक असतो. दवाखान्यातलं मात्र दवाखान्यातच राहिलं पाहिजे. संध्याकाळी शेजारीण विचारते, "अगं, तिची पोर आज तुमच्याकडे कशाला आली होती?" हा प्रश्न साधा दिसतो. उत्तरातून मात्र एखादीचं लग्न मोडतं. क्षयाच्या माणसाला कामावरून काढतात. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. शेजारणीला काय सांगावं? "माझ्या ध्यानात नाही गं, आज फार गर्दी होती." आम्हाला हे खोटं वाटत नाही.

सोनोग्राफीच्या जागी आणखी सांभाळावं लागतं. मुलगा की मुलगी, हे विचारायला माणसं डॉक्टरांकडे जात नाहीत. ती आधी खिडकीवर येतात. हळूच नोट पुढे सरकवतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा आहे. खुणेने सांगणंही गुन्हाच. शिक्षा फक्त डॉक्टरला नाही, तिथल्या नोकरालाही आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

मग एक अवघड जागा राहते. छोट्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईला म्हणतात, "जरा हे इंजेक्शन दे." ती चार वेळा बघते, आणि पाचव्या वेळी देऊ लागते. हे करू नये. नर्सचं शिक्षण वेगळं असतं, आणि तिची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. काही बिघडलं तर साहेब काय म्हणतील, ते सांगता येत नाही. "सर, मला त्याचं शिक्षण नाही" एवढंच म्हणावं. दुकानातली "हे घ्या, छान आहे" ही सवयही इथे सोडावी. कुठली गोळी चांगली, ते डॉक्टरांना सांगू द्यावं.

या कामाला सरकारी परवाना लागत नाही. तेव्हा कुणी नोकरीची हमी देऊन अभ्यासक्रमाचे मोठे पैसे मागू लागला, तर आधी चार दवाखान्यांत विचारून यावं. वाचता-लिहिता येणं, हिशोब, आणि संगणकावर नाव उतरवता येणं, एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती असली तर फार बरं. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ठरावीक आजारांना, आणि योजनेतल्या रुग्णालयातच. तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याच्याकडे जा, असं खिडकीवरून कुणी वेळेवर सांगितलं, तर एखाद्याचं शेत गहाण पडायचं वाचतं.

पगाराचं तोंडावर विचारून घ्यावं. सुरुवातीला तो दुकानापेक्षा कमीही असतो. सुट्टी कोणत्या वारी, दुपारचं काय, रात्री उशीर झाला तर घरी पोचवणार कोण, हेही विचारावं. लाजू नये.

द्वारकेजवळच्या एका बाईने आम्हाला तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. नऊ वर्षं ती साड्यांच्या दुकानात होती. पहिला पेशंट दारात आला, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या, काय दाखवू?"

म्हातारी खोकत खोकत म्हणाली, "दाखवायचं मला हाय बाई. डॉक्टर आलेत का?"