तांबडा ब्रश आणि काळा ब्रश

मिक्सर दुरुस्तीसाठी उघडला म्हणजे आत बोटाच्या पेराएवढे दोन काळे ठोकळे दिसतात. कारागीर त्यांना ‘ब्रश’ म्हणतात, परंतु केसांचा तेथे मागमूस नसतो. नाव जुन्या काळचे आहे. प्रारंभी फिरत्या भागावर तांब्याच्या तारांची जुडी टेकवीत असत. पुढे १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स यांनी कार्बनच्या ब्रशाचे पेटंट घेतले.

मोटारगाडीच्या स्टार्टरमधील ब्रश मात्र तांबूस असतो. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीत कारागिराने काळा ब्रशच घासून बसविला. ‘चालून जाईल’ हे त्याचे आश्वासन पहिल्याच सकाळी फोल ठरले. बॅटरी नवी, तरी स्टार्टर कण्हत राहिला!

कारण हिशोबात आहे. काळ्या ब्रशांच्या जोडीशी सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. घरच्या २३० व्होल्टांत ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. गाडीच्या १२ व्होल्टांतून गेले, तर सहावा हिस्सा गेला. शिवाय २०० अँपिअर प्रवाह असता ४०० वॉट नुसती उष्णता होते. तांबूस ब्रशांत हा खर्च अर्ध्या व्होल्टाच्या आसपास राहतो.

मग निव्वळ तांबेच का वापरू नये? तांब्यावर तांबे घासले की दोन्ही ओरबाडली जातात. ग्रॅफाइट हे त्यांतील वंगण होय. या दोहोंचा संसार सुखाचा नाही. वितळलेले तांबे ग्रॅफाइटवर अळवावरच्या पाण्यासारखे ठरत नाही; म्हणून दोहोंची भुकटी एकत्र दाबून भाजावी लागते. ग्रॅफाइट हलके असल्याने वजनाने शंभरात पाच भाग घातले, तरी ते जवळजवळ सहावा हिस्सा जागा व्यापते. त्याचा रोध तांब्याच्या शेकडो पट. तेव्हा विजेला त्या कणांना वळसा घालून जावे लागते. किती वाहकता गमवावी आणि किती घसरण कमवावी, हा सौदा प्रत्येक यंत्रागणिक निराळा असतो. मिक्सरमध्ये तर ब्रशाचा रोध हवाच असतो. त्याने ठिणग्यांना आळा बसतो.

या वंगणाला हवेतील ओलावाही लागतो, हे दुसऱ्या महायुद्धात ध्यानी आले. अतिशय उंचावरून उडणाऱ्या विमानांत ब्रशांची पाहता पाहता भुकटी होई. शोधाअंती कळले की, दोष तेथील कोरड्या हवेचा. ग्रॅफाइटचे पापुद्रे बाष्पावाचून सहज सरकत नाहीत.

अलीकडे संशोधक तांब्यात ग्रॅफीन आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका मिसळून पाहत आहेत. कार्बनने वाहकता घटण्याऐवजी टिकावी, किंबहुना वाढावी, अशी त्यांची उमेद आहे. अडचण जुनीच आहे: तांबे त्यांनाही जवळ करीत नाही, आणि त्या आपसांत गुठळ्या करून बसतात.

स्नेह्यांच्या गाडीत अखेर तांबूस जोडी बसली. काळे ब्रश त्यांनी कारागिराला परत केले.