नव्या नर्सची पारख खाटेपाशीच

बंगळुरूच्या पीण्यात ईएसआय रुग्णालय आहे ते कामगारांसाठी. तिथे आलेल्या कामगाराचा प्रेस मशिनमध्ये चेपलेला हात प्लास्टरमध्ये असताना नव्या नर्सने नख दाबून रंग दोन सेकंदांत परततो का ते पाहिले, बोट ताणताच उठणारी कळ ओळखून डॉक्टरांना तातडीने बोलावले, तर हात वाचू शकतो. लेखी पेपरात हे कौशल्य दिसत नाही. १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा आता नर्सिंगमध्येही रुळली आहे. ती लुटुपुटूची, हा आक्षेप रास्तच. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९९० च्या कौशल्य-पिरॅमिडमध्येही ‘करून दाखवणे’ ही ‘प्रत्यक्ष करणे’च्या खालची पायरी. म्हणून ऑस्कीच्या जोडीला वॉर्डातले निरीक्षण हवे. सीनियर सिस्टरांना सवड कुठे, असे विचारले जाते. पण असे एक निरीक्षण काही मिनिटांचे. नव्या नर्सला एकटीने रात्रपाळी देण्याआधी तेवढी सवड काढलीच पाहिजे.