मुखवट्याआडची नोकरदार स्त्री

अद्भुतकथेतील नायिकेला दिव्य शक्ती कोठून मिळाली, हे मुले विचारतात. प्रौढांनी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: पराक्रम गाजवून झाल्यावर ही नायिका पोटापाण्यासाठी काय करते? अमेरिकन दूरचित्रवाणीने १९६७ ते १९७९ या काळात ज्या अतिमानवी नायिका पडद्यावर आणल्या, त्यांच्या तंग पोशाखांची चर्चा पुष्कळ झाली. त्यांच्या नोकऱ्या त्याहून अधिक बोलक्या आहेत.

‘बॅटमॅन’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात, १९६७ मध्ये, इव्हॉन क्रेग या अभिनेत्रीने ‘बॅटगर्ल’ साकारली. रात्री गुन्हेगारांशी झुंजणारी ही तरुणी दिवसा सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल असे. १९७५ साली शनिवारच्या सकाळी मुलांसाठी सुरू झालेल्या मालिकेतील ‘आयसिस’ ही शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. इजिप्तमधील उत्खननात सापडलेल्या एका ताइतामुळे तिला सामर्थ्य लाभलेले. १९७६ मधील ‘बायॉनिक वूमन’ जेमी सॉमर्स हिचे दोन्ही पाय, उजवा हात आणि उजवा कान यांत्रिक. तीही शाळेत शिक्षिकाच. आणि लिंडा कार्टरने अजरामर केलेली ‘वंडर वूमन’? पहिल्या पर्वात, दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर, ती मेजर ट्रेव्हर यांच्या कचेरीत कारकुनी करते.

एक ग्रंथपाल, दोन शिक्षिका, एक कारकून. हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. आपली ओळख लपवावयाची तर जिच्याकडे कोणी वळून पाहत नाही अशी जागा हवी, आणि नोकरदार स्त्रीची खुर्ची ही तशी जागा आहे, हे लेखकांनी गृहीतच धरले होते. मेजर ट्रेव्हर वंडर वूमनचे गुणगान करीत असतात, आणि जिचे गुणगान चालले आहे ती समोरच चष्मा लावून कागदपत्रे सांभाळीत उभी असते! सुपरमॅनही बावळट वार्ताहराच्या वेषात वावरतो, हे खरे. पण वार्ताहराचे नाव निदान बातमीवर छापून येते, आणि बॅटमॅन तर मुखवटा उतरवला की कोट्यधीशच असतो.

या नायिकांच्या सामर्थ्याला निर्मात्यांनी कुंपणही घातले होते. बॅटगर्लने ठोसा मारावयाचा नाही. तिने नर्तिकेप्रमाणे लाथ उंचावावी, एवढीच मुभा. वंडर वूमनवर १९६७ मध्ये जो छोटा चाचणीपट काढला गेला, त्यात ती आईच्या बोलण्यांनी त्रासलेली, आरशात स्वतःला सुंदर पाहणारी विनोदी व्यक्ती होती. सुदैवाने त्याची मालिका झाली नाही. जेमी सॉमर्सला तर १९७५ मध्ये दोन भागांच्या कथेअखेर मारूनच टाकले होते. प्रेक्षकांनी तिच्यासाठी आग्रह धरला, तेव्हा तिला परत आणावे लागले, आणि १९७७ साली लिंडसे वॅग्नर या अभिनेत्रीला त्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. प्रेक्षक निर्मात्यांच्या पुढे होते, असाच याचा अर्थ.

मुखवट्याचा खेळ पडद्यामागेही चालू होता. लिंडा कार्टरच्या जागी जीवघेणी साहसे करणारी जीनी एपर ही स्त्रीच होती. १९७९ मध्ये याच मालिकेसाठी एका उंच हॉटेलच्या गच्चीवरून १२७ फूट खाली उडी घेणारी किटी ओनील बालपणापासून बहिरी होती. त्याआधी, १९७६ मध्ये, तिने ताशी ५१२ मैल वेगाने वाहन हाकून स्त्रियांचा भूवेगाचा विक्रम केला होता. कल्पित नायिकेला जगभर चाहते मिळाले; जिला कोणत्याही ताइताचा आधार नव्हता, तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

या नायिका शेवटी पुरुषांच्या नजरेसाठी घडवलेल्या बाहुल्या होत्या, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वूमनला स्त्री-सबलीकरणाची मानद दूत नेमले, तेव्हा संघाच्या कर्मचाऱ्यांनीच निषेध केला आणि दोन महिन्यांच्या आत ती नेमणूक संपली. हाडामांसाच्या कर्तबगार स्त्रिया असताना चित्रकथेतील सुंदरी कशाला, हा त्यांचा सवाल रास्तच होता. तथापि ज्या मुलीने शिक्षिकेला पडद्यावर दरोडेखोर पकडताना पाहिले, तिला दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातील बाई थोड्या निराळ्या दिसल्या असतील, हेही नाकारता येत नाही.

म्हणून या सगळ्या पराक्रमांत एक लहानसा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या श्रम खात्याने एक छोटी जाहिरात काढली. बॅटमॅन आणि रॉबिन खांबाला जखडलेले आहेत, शेजारी बाँबचे घड्याळ टिकटिकत आहे. बॅटगर्ल येते, पण दोर सोडण्यापूर्वी हिशेब मांडते: धनी एकच, काम एकच, मग मला रॉबिनपेक्षा कमी पगार का? बॅटमॅन ते थट्टेवारी नेऊ पाहतो. ती त्याला समान वेतनाच्या कायद्याची आठवण देते. अमेरिकेत तो कायदा १९६३ साली झाला होता. आपल्याकडे तसा कायदा १९७६ साली झाला. त्या जाहिरातीत दिव्य शक्ती कोठेच नाही. ग्रंथपाल बाईने फक्त आपला पगार मागितला, आणि त्यासाठी तिला बाँबची टिकटिक सुरू होईपर्यंत थांबावे लागले.