गुडघ्याच्या अस्थिबंधांची दुखापत : पेण-रोहा परिसरातील कबड्डीच्या संदर्भात

रायगड जिल्ह्यातील, म्हणजेच १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण व रोहा या तालुक्यांत कबड्डी हा केवळ शालेय खेळ नव्हे. भाताची कापणी-झोडणी उरकली की गावोगावची मंडळे मैदान आखतात आणि रात्री विजेच्या प्रकाशात सामने रंगतात. उत्तम खेळाडूस पोलीस, रेल्वे वा बँक यांत खेळाडूंसाठी राखीव असलेली नोकरी मिळण्याची आशा असते. त्यामुळे मैदानावरील दुखापत हा पुष्कळदा चरितार्थाचाच प्रश्न होऊन बसतो. या दुखापतींत गुडघ्याच्या अस्थिबंधांची दुखापत विशेष चिवट, आणि तिच्याविषयीचा गैरसमजही तितकाच चिवट होय. सूज उतरली व वेदना थांबली म्हणजे गुडघा बरा झाला, असा तो समज. तो का टिकत नाही, हे कळण्यासाठी प्रथम सांध्याची रचना पाहिली पाहिजे.

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोल माथा खोल वाटीत बसलेला असतो. गुडघ्याला असा आधार नाही. मांडीच्या हाडाची वाटोळी टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट पृष्ठावर टेकलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. सांध्याचे स्थैर्य मुख्यतः चार अस्थिबंधांवर आणि भोवतालच्या स्नायूंवर अवलंबून असते. आतील व बाहेरील बाजूंचे दोन अस्थिबंध गुडघ्याला आडवे झुकू देत नाहीत. उरलेले दोन सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांना स्वस्तिक अस्थिबंध म्हणता येईल. त्यांपैकी पुढचा, म्हणजे अग्र स्वस्तिक अस्थिबंध, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा असून नडगीला पुढे सरकण्यापासून व अवाजवी पिळण्यापासून आवरतो. खेळाडू ज्याला ‘ए.सी.एल.’ म्हणतात तो हाच.

हा अस्थिबंध तुटण्यास प्रत्यक्ष आघात लागतोच असे नाही. चढाई करणारा खेळाडू बोनस रेषेवरून झटकन मध्यरेषेकडे वळतो. पाऊल रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि धड वेगाने फिरत असलेले, एवढी परिस्थिती पुरेशी होते. कोपरारक्षकाने घोटा पकडला असता पाऊल जागीच अडते व शरीराचा वेग गुडघ्यावर येतो; बाजूने धडक बसली तर गुडघा आत ढकलला जातो. मातीत पाऊल थोडे घसरून पिळाचा काही भाग जिरू शकतो. मॅटवर पकड घट्ट असल्यास तेवढी सवलत मिळत नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २०१० मध्ये हँडबॉल व बास्केटबॉलमधील अशा १० दुखापतींच्या चित्रफितींचा अभ्यास केला. पाऊल जमिनीला टेकल्यानंतर सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत इजा होत असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एवढ्या अवधीत सावध होणे कोणासही शक्य नाही. म्हणून प्रतिबंध आयत्या वेळच्या दक्षतेने होत नाही. पाऊल टाकण्याची व वळण्याची योग्य सवय सरावानेच आधी लावून घ्यावी लागते.

दुखापतीच्या क्षणी पुष्कळांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. ही त्वरित येणारी सूज बहुधा सांध्यातील रक्तस्रावाची असते. अशा वेळी तेल चोळणे वा सांधा ओढून ‘बसवणे’ अपायकारक ठरते. विश्रांती, थंड शेक, दाबपट्टी व पाय उंचावर ठेवणे एवढेच प्रथमोपचार इष्ट होत. निदानाचा आरंभ मात्र मोठ्या यंत्रावाचून होऊ शकतो. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून तज्ज्ञ वैद्य एका हाताने मांडी स्थिर धरतो व दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहतो. लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी तालुक्याच्या गावीही करता येते. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने तिला पुष्टी मिळते आणि कूर्चांची स्थितीही कळते.

आतील बाजूचा अस्थिबंध सांध्याबाहेर असून त्याला रक्तपुरवठा चांगला असतो. तो बहुधा शस्त्रक्रियेविना सांधतो. अग्र स्वस्तिक अस्थिबंधाची गोष्ट निराळी. त्याची तुटलेली टोके सांध्यातील द्रवात राहतात, तेथे रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून ती नेहमीच जुळतील असा भरवसा धरता येत नाही. वेदना शमते, सरळ रेषेत चालता येते. परंतु वळताना गुडघा निसटतो, आणि प्रत्येक निसटण्यागणिक कूर्चा फाटण्याचा धोका वाढतो. वेदनेचा अभाव हा स्थैर्याचा पुरावा नव्हे, तो या कारणाने.

तथापि प्रत्येकास शस्त्रक्रिया हवीच असेही नाही. स्वीडनमधील १२१ तरुण रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली, तर दुसऱ्यास प्रथम व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया देऊ केली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. पिळाचे खेळ खेळू इच्छिणाऱ्यास किंवा गुडघा वारंवार निसटणाऱ्यास मात्र स्वतःच्याच कंडरेचा तुकडा बसवून नवा अस्थिबंध घडवण्याची शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते.

मार्ग कोणताही असो, खरे काम व्यायामाचेच. प्रथम सूज उतरवणे व गुडघा पूर्ण सरळ करणे. मग मांडीच्या पुढील व मागील स्नायूंचे बळ. त्यानंतर एका पायावरील तोल, धावणे, उडी, आणि अखेरीस वळण व पकड असा हा क्रम आहे. बसवलेली कंडरा आरंभी मृदू होते व जिवंत अस्थिबंधाचे रूप तिला सावकाश येते. नॉर्वे व अमेरिकेतील १०६ रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवले तितका पुन्हा दुखापतीचा धोका प्रत्येक महिन्यास सुमारे निम्म्याने घटलेला दिसला.

पेण-रोह्याच्या खेळाडूस या नऊ महिन्यांचा हिशेब फारसा प्रतिकूल नाही. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली तर ऑक्टोबर येतो. मधल्या पावसाळ्यात गावची मैदाने तशीही ओलीच असतात. हातचा जातो तो चालू हंगाम. तो वाचवण्याच्या घाईत पुढचे सारे हंगाम पणाला लागतात, हे खेळाडूइतकेच त्याच्या मंडळाच्या चालकांनीही ध्यानात घेणे अगत्याचे आहे.