पैसेवारी आणि उपकारस्तुती

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या बोलण्यात ‘उपकारस्तुती’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो की त्याचे वेगळेपण बाहेरच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. रोजच्या मराठीत उपकार फेडायचे असतात, निदान स्मरायचे असतात. ते केल्याचे बोलून दाखवले तर केलेल्याचे पुण्य जाते आणि न फेडले तर घेणारा ओशाळा राहतो. मराठी बायबलच्या भाषांतरांतून रुळलेल्या या शब्दात मात्र फेडीची गोष्टच नाही. जे फेडता येण्यासारखे नाही ते उघडपणे मान्य करावे आणि त्या मान्यतेलाच स्तुतीचे रूप द्यावे, असा त्याचा अर्थ आहे. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, ज्याला प्रोटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजन आणि कॅथलिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात, त्याला ग्रीक भाषेत ‘युखारिस्तिया’ असे नाव आहे आणि त्याचाही मूळ अर्थ आभार मानणे हाच आहे. हे आभार सुगीच्या मेजवानीत मानलेले नव्हते. पकडला गेला त्याच रात्री येशूने भाकर हातात घेऊन ते मानले, असे शुभवर्तमाने सांगतात. उपकारस्तुती आणि सुबत्ता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे इथेच कळते, आणि बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पाहिला तर ते अधिकच स्पष्ट होते.

हा समाज संख्येने अगदी लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही कितीतरी खाली होते. संपूर्ण महाराष्ट्रातही ते ०.९६ टक्केच भरले. वसईसारखी दाट ख्रिस्ती वस्ती किंवा अहमदनगरसारखे जुने मिशन केंद्र या जिल्ह्यात नाही. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर आणि घाटाखाली खामगाव, मलकापूर अशा गावांत विखुरलेल्या मंडळ्या (‘मंडळी’ म्हणजे एका प्रार्थनामंदिराशी जोडलेला भाविकांचा समुदाय) हेच या समाजाचे रूप आहे. कॅथलिकांच्या दृष्टीने हा जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. प्रोटेस्टंट बाजूला मात्र हा जिल्हा ज्यात मोडतो त्या वऱ्हाडावर ठसा उमटला तो अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचा. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या दोन संस्था १८९७ मध्ये एकत्र होऊन ती आकाराला आली, आणि अकोला व खामगाव ही तिची वऱ्हाडातील महत्त्वाची ठाणी ठरली.

एकत्रीकरणाचे ते वर्षच दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या टंचाईतून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला आणि जुन्या पिढ्या विक्रम संवत १९५६ वरून ज्याला ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत तो पडला. कापसाच्या पैशावर भरभराटलेला वऱ्हाड प्रांत, जिथे १८७० मध्येच जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला होता, तोही यातून सुटला नाही. १८९१ मध्ये २९ लाखांच्या आसपास असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत २७,५४,०१६ वर आली. याच काळात अकोला आणि खामगाव येथील मिशनच्या अनाथाश्रमांत मुलामुलींची संख्या वाढली. पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून मुली वाचवल्या आणि केडगावला आणल्या. अकोल्यात काम करणाऱ्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रीजीवनावरील पुस्तकाला १९०० मध्ये प्रस्तावना लिहिली तीही रमाबाईंनीच, म्हणजे केडगाव आणि वऱ्हाड यांचे धागे तेव्हाच जुळलेले होते. दुष्काळातील धर्मांतरांविषयी तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो, आणि पोटाची भूक व मनाची निवड यांची सरमिसळ झाली असेल ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. तरीही ज्या मुलांना त्या अनाथाश्रमांत भाकरीचा पहिला तुकडा हातात येण्याआधी आभाराची प्रार्थना शिकवली गेली, त्यांच्यापुढे भरलेली कणगी नव्हती. वऱ्हाडातल्या या मंडळ्यांची उपकारस्तुती सुगीत जन्मलेली नाही. ती उपासमारीत शिकलेली आहे.

मराठी बायबलमध्येही पावसाची एक मौज दडलेली आहे. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्याचा: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या सरींनी नांगरट-पेरणी सुरू होते आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या सरींनी दाणा भरतो. हे दोन पाऊस वेळेवर पाडणारा देव, ही जुन्या करारातली कृतज्ञतेची नेहमीची भाषा आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यांच्यासाठी ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस असे अस्सल शेतकरी शब्द योजले. आगोट म्हणजे पावसाळ्याचा आरंभ, तर वळीव म्हणजे त्याच्या आधी उन्हाळ्याच्या शेवटी गडगडाटासह कोसळणारा पाऊस. परिणाम असा झाला की मूळ क्रम मराठीत उलटा झाला. जो पाऊस इथे अगोदर येतो तो पवित्र शास्त्रात नंतर येतो. तांत्रिकदृष्ट्या ही चूक म्हणता येईल, पण घाटाखालच्या काळ्या जमिनीत आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला परक्या देशाचा पाऊस आपल्याच वावरात पडल्यासारखा वाटला तो या चुकीमुळेच.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाचा सण पाळला जातो तो पीक हाती आल्यानंतर, गावोगावच्या सोयीच्या रविवारी. त्याचे एक मूळ अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात सापडते, जिथे शेतकऱ्याने पहिले पीक टोपलीत घालून वेदीपाशी आणावे आणि टोपली ठेवताना आपले पूर्वज भटके होते, परमुलखात गुलाम होते, याची उघड आठवण सांगावी असे म्हटले आहे. दुसरे मूळ इंग्लंडचे: कॉर्नवॉलमधील मॉर्विन्स्टो येथे रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूने १८४३ मध्ये चर्चमध्ये सुगीची खास उपासना केली आणि तिचे अनुकरण होत होत ती मिशनांबरोबर जगभर गेली. अमेरिकन मिशनऱ्यांच्या घरी नोव्हेंबरातला ‘थँक्सगिव्हिंग’चा दिवस होताच, परंतु वऱ्हाडात रुजला तो सुगीला बांधलेला सण, आणि हे स्वाभाविकच होते, कारण परक्या राष्ट्राच्या इतिहासातला दिवस उसना घेता येत नाही, पीक मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असते.

सणाच्या सकाळी वेदीपुढची जागा बाजाराच्या दिवसासारखी दिसते. ज्वारीची कणसे, तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली, पितळी गडव्यात सोयाबीन, भोपळा, पेरू, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. ज्याच्याकडे शेत नाही तो तांदळाची पिशवी किंवा घरी शिवलेली दुपटी आणतो. उपासनेनंतर अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो आणि त्यात बाजारभावाला काही किंमत उरत नाही. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो परत मंडळीला देतो, पुन्हा बोली लागते, आणि तोच भोपळा तिसऱ्या वेळी एखाद्या म्हातारीच्या पदरात पडतो. पैसा मंडळीच्या खर्चाला किंवा गरजूंना जातो हे खरे, परंतु या खेळाची गंमत वेगळीच आहे: वर्षभर अडत्यासमोर आपल्या मालाचा भाव मुकाट ऐकणारा माणूस या एका दिवशी स्वतः भाव ठरवतो, आणि तो चढाच ठरवतो.

शेजारच्या शेतांतही याच दिवसांत कृतज्ञतेचे विधी होत असतात. कापसाच्या पहिल्या वेचणीपूर्वी विदर्भात ‘सीतादही’ करतात. पऱ्हाटीच्या ओळीत पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि मगच वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून बोंडाला हात लावतात. पहिल्या उपजावर आपला हक्क नंतर, हा भाव टोपलीतल्या पहिल्या पिकाशी थेट जुळतो. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी मात्र निराळ्या जातीची आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्ये मांडून दुसऱ्या पहाटे त्यांच्या हालचालींवरून पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. पुढचे कळावे ही माणसाची रास्त ओढ आहे. ख्रिस्ती परिभाषेतला ‘विश्वास’ या ओढीला उत्तर देत नाही. वर्ष कसे जाईल हे तो सांगत नाही, कसेही गेले तरी कोणाबरोबर जायचे एवढेच सांगतो. मराठी ख्रिस्ती लोक ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक वापरतात तोही बहुधा यासाठीच, कारण श्रद्धा गोष्टीवरही ठेवता येते, विश्वास मात्र माणसावर टाकावा तसा कोणावर तरी टाकावा लागतो.

हे सगळे लिहायला सोपे आहे, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ते सोपेपणाने लिहिणे अप्रामाणिक ठरेल. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली उभी पऱ्हाटी पोखरली. दुबार पेरणी, भिजून काळे पडलेले सोयाबीन, वाळत घातलेल्या सुडीवर आलेला अवकाळी पाऊस या गोष्टी इथे अपवाद नाहीत. अशा ठिकाणी व्यासपीठावरून ‘आभार माना’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे होऊ शकते, आणि काही उपदेशक तो करतात हेही खरे. पण शास्त्र त्यांच्यापेक्षा अधिक समजूतदार आहे. हबक्कूक नावाच्या लहानशा ग्रंथाच्या अखेरीस संदेष्टा अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही आणि गोठ्यात जनावर नाही अशी नुकसानीची यादीच आधी मांडतो, जणू पंचनामाच करतो, आणि त्यानंतर देवाठायी आनंद मानण्याचा निश्चय बोलून दाखवतो. यादीतली एकही ओळ तो खोडत नाही. स्तोत्रसंहितेत रडत पेरणाऱ्यांचे चित्र आहे तेही असेच. बियाणे उधारीवर आणून दुसऱ्यांदा पेरणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तक्रार आणि स्तुती एकाच श्वासात करण्याची ही मुभा मराठी भक्तिपरंपरेलाही अपरिचित नाही. विठोबाशी भांडणाऱ्या संतांच्या भाषेवर पोसलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा ती भाषा त्यांनी बरोबर आणली, आणि त्यांच्या व कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या रचना ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून अजूनही मंडळ्यांत गायल्या जातात.

डिसेंबर उजाडला की नाताळाची तयारी सुरू होते. हे नाव पोर्तुगीज ‘नाताल’ म्हणजे जन्म या शब्दावरून आले. त्याआधीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात आणि परंपरेने तो वाट पाहण्याचा असतो, मौजेचा नसतो. घराघरांत मात्र जे तळले जाते ते दिवाळीचेच: करंजी, चकली, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा. दिवाळीत शेजारच्या घरून भरून आलेले ताट मोकळे परत करू नये, ही रीत इथेही पाळली जाते, फक्त परतफेडीला दोन महिने लागतात. कातणाने करंजीची कड कापणाऱ्या मुलीला त्या कडेचे उरलेले तुकडे तळून मिळतात, तेही दोन्ही सणांत सारखेच.

या दिवसांत जिल्ह्यातल्या रिकाम्या वावरांत मेंढरे बसवलेली असतात. सोयाबीन निघाल्यावर धनगर आपला वाडा घेऊन शेतात उतरतात, रात्रभर मेंढ्या तिथेच राहतात आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य वा पैसे देतो. लूकच्या शुभवर्तमानात तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम ऐकणारे मेंढपाळ रात्री शेतात राखण करत होते. तेही गावकुसाबाहेरचे लोक होते. नाताळच्या नाटुकल्यात खांद्यावर घोंगडी घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाला वेषभूषेसाठी शहरात जावे लागत नाही.

वर्षाचा शेवट एका योगायोगाने होतो. पिकांची पैसेवारी, म्हणजे पीककापणी प्रयोगांवरून काढलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत रुपयात किती पैसे भरते याचा सरकारी अंदाज, आधी नजरेने, मग सुधारून आणि शेवटी अंतिम अशी टप्प्याटप्प्याने जाहीर होते, आणि विदर्भात खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला येते. आकडा पन्नासच्या खाली गेला तर जमीन महसुलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी अशा सवलतींची वाट मोकळी होते, त्यामुळे गावेच्या गावे त्या आकड्याकडे डोळे लावून असतात. त्याच रात्री प्रार्थनामंदिरांत ‘वॉचनाईट’ची उपासना असते, जी अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळ्यांतून पसरली. भाविक एकेक करून उठतात आणि ‘साक्ष’ देतात, म्हणजे सरल्या वर्षात काय घडले ते सर्वांसमोर सांगतात: मोडलेले हाड जुळले, मुलीचे लग्न जमले, बैल मेला, कर्ज राहिले, सोयाबीन एकरी तीन पोती झाले. बाराच्या ठोक्याला पाळक मंडळीला गुडघे टेकायला सांगतात. बाहेर फटाके वाजू लागतात, आणि आत तीन पोत्यांची उपकारस्तुती चालू असते.