चौदापैकी दोन

रेडिएशनच्या डॉक्टरांनी फाईल उघडली आणि आधी एक ओळ शोधली. गाठ केवढी होती, तिचा ग्रेड कोणता, हार्मोनचे रिसेप्टर आहेत की नाहीत, हे सगळं त्यांनी नंतर वाचलं. धर्माबादहून आलेल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ती ओळ दुसऱ्या पानावर होती: काखेतल्या १४ ग्रंथी तपासल्या, पैकी २ मध्ये कर्करोग. डॉक्टरांनी पेनानं १४ या आकड्याभोवती गोल केला.

काकू मिरचीच्या गोदामात देठ खुडायच्या कामाला जातात. वय ५७. डावा स्तन पूर्ण काढलेला, केमो संपलेली. आता प्रश्न एवढाच होता की छातीला शेक द्यायचा की नाही. त्यासाठी गाडीनं छत्रपती संभाजीनगर गाठलं होतं. शेक म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार रोज एक बैठक, अशा १५ बैठका. टेबलावर काही मिनिटंच पडून राहायचं असतं, पण त्यासाठी तीन आठवडे परगावी मुक्काम करावा लागतो. महात्मा फुले योजनेतून शेकाचा खर्च भागतो. बुडालेला रोज आणि सोबत राहणाऱ्या माणसाचा रोज कुठल्याच योजनेत बसत नाही.

पूर्ण स्तन काढल्यावर काखेतल्या ४ किंवा त्याहून जास्त ग्रंथींत रोग असेल, तर शेक द्यायचा, यावर फारसा वाद नाही. ग्रंथी स्वच्छ आणि गाठ लहान असेल, तर सहसा देत नाहीत. १ ते ३ ग्रंथींत सापडला की मात्र डॉक्टरांमध्येही मतं फुटतात. २०१४ साली ऑक्सफर्डच्या गटानं जगभरातल्या जुन्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. अशा बायकांमध्ये शेकाविना दहा वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण शंभरात सुमारे ४६ होतं. शेक दिल्यावर ते ३४ वर आलं. हे आकडे ऐकले तर कुणीही शेकच घेईल. पण त्या बायकांची ऑपरेशनं १९६४ ते १९८६ या काळातली होती. आजची केमो, आजच्या हार्मोनच्या गोळ्या त्यांच्यातल्या बहुतेकींना मिळाल्या नव्हत्या. मुळातला धोकाच उतरला असेल, तर शेकानं होणारा फायदाही लहान होतो. 'सुप्रीमो' या चाचणीनं १,६०० हून अधिक बायकांवर हेच तपासलं. २०२४ च्या डिसेंबरात निष्कर्ष जाहीर झाले: दहा वर्षांनी शेक घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत शंभरातल्या ८१-८२ जणी हयात होत्या.

मग १४ ला एवढं महत्त्व का? काखेतून काढलेला चरबीचा गोळा फॉर्मलिनमध्ये मुरला की पॅथॉलॉजिस्ट तो बोटांनी चिमटत, पातळ कापत ग्रंथी शोधतात. काही ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि चरबीत दिसतही नाहीत. सर्जननं काख नीट साफ केली नसेल किंवा तपासणाऱ्यानं घाई केली असेल, तर चारच ग्रंथी हाती लागतात. त्याच दिवशी रांगेत काकूंच्या मागे बसलेल्या एका बाईच्या रिपोर्टवर '४ पैकी २' लिहिलं होतं. न मोजलेल्या ग्रंथींत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. त्या बाईला शेक सांगितला, आणि मला ते योग्यच वाटलं.

म्हणून मी आता गावात भेटतील त्या रुग्णांच्या घरच्यांना सांगते: ऑपरेशनच्या आधीच विचारा, काढलेला भाग कुठं तपासायला जाणार? तो तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, डबा मोठा पाहिजे, द्रव भरपूर पाहिजे. उशीर झाला तर हार्मोन रिसेप्टरची तपासणीही चुकू शकते आणि हार्मोनची पाच वर्षांची गोळी जिला लागू पडली असती तिलाच ती मिळत नाही. शेकाचा निर्णय शहरातल्या ओपीडीत होतो खरा, पण त्याचा निम्मा पाया तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात पडलेला असतो.

काकूंची गाठ अडीच सेंटिमीटरची, ग्रेड दोन, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डॉक्टरांनी टक्केवारी बाजूला ठेवली. "तुमच्यासारख्या शंभर बाया इथं बसवल्या, तर शेकाविना दहा वर्षांत दोघी-तिघींच्या छातीवर गाठ परत येते. शेक दिला तर एकीच्या."

"मी त्या दोघी-तिघींत नाही, हे कोण सांगतंय?"

"कुणीच नाही सांगू शकत, काकू."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. भाकीत शंभर जणींचं असतं. काकूंपुरतं ते खरं की खोटं, हे दहा वर्षांनीच कळणार. डॉक्टरांनी दुसरी बाजूही मांडली: डाव्या बाजूला शेक दिला की थोडा मार हृदयापर्यंत जाऊ शकतो, कातडी काळवंडते, आणि काखेच्या ऑपरेशनमुळे हाताला सूज येण्याची जी भीती असते ती वाढू शकते. अगदी पाच बैठकांत शेक पुरा करायची पद्धतही २०२० पासून पुढे आली आहे. लांबून येणाऱ्यांना ती मोठाच आधार देईल. पण ज्या शेकाची गरजच नाही, तो पाच दिवसांचा असला तरी कशाला?

केस ट्यूमर बोर्डापुढे गेली. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसले आणि शेक न देण्याचं ठरलं. माझी काळजी मात्र तिथून सुरू झाली. 'सुप्रीमो' चाचणीतल्या बायका तपासणीला बोलावल्या जात होत्या, त्यांच्या गोळ्यांवर लक्ष होतं. काकूंना लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी पाच वर्षं रोज घ्यायची आहे. सांधे दुखायला लागले की बायका ती गुपचूप सोडतात. गोळी सोडली तर आजचा निर्णय ज्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडे काकूंना लागूच होत नाहीत. डॉक्टरांनी हे त्यांना दोनदा बजावलं. सांधे दुखले तर गोळी बंद करण्याआधी फोन करायचा, गोळी बदलता येते. सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा उजव्या बाजूची मॅमोग्राफी.

काकूंनी बोटांवर महिने मोजले. "सहा महिन्यांनी म्हणजे मिरचीचा सीझन. तवा एक दिवस बी सुट्टी मिळत नाही. दोन महिने पुढं ढकला की."

"आठ दिवस ढकलतो," डॉक्टर म्हणाले, "त्याच्या पुढं नाही." आणि कार्डावर तारीख लिहिली.