कृषी पत्रिकेचा मेसेज करताय? या चार गोष्टी कापू नका

जैनथ (प्रतिनिधी) : भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे मिळून दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्हावार कृषी हवामान सल्ला पत्रिका काढतात. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा आणि त्यानुसार पिकांचा सल्ला त्यात असतो. ऐवज कामाचा, पण वावरात उभं राहून पीडीएफची पानं कोण उघडतो? म्हणून गावातलं एखादं शिकलेलं पोरगं त्यातून दोन ओळी काढून व्हॉट्सॲपवर टाकतं.

आपल्याकडे याची गरजही आहे. इकडची पत्रिका वाचायला तेलुगू किंवा इंग्रजी लागतं, पैनगंगेपलीकडे मात्र मराठीत सल्ला मिळतो. मग तिकडचा मेसेज सहज इकडे येतो. घोळ इथंच होतो. पत्रिकेत जिल्हा आणि तारीख एकदाच, वर लिहिलेली असते. खालचा तुकडा उचलला की ती मागेच राहते. म्हणून प्रत्येक तुकड्यात या चार गोष्टी पुन्हा लिहा.

१. जिल्हा : आदिलाबादचा इशारा हैदराबादचं हवामान केंद्र देतं, यवतमाळचा नागपूरचं. एकाच दिवशी नदीच्या दोन काठांना रंग वेगळा असू शकतो, एकीकडे पिवळा तर दुसरीकडे नारिंगी. नुसतं "आपल्याकडे पाऊस" लिहू नका.

२. मुदत : "उद्या फवारणी करू नका" यातला उद्या कोणता? मेसेज चार दिवस फिरत राहतो. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असंच लिहा. स्टेटस २४ तासांनी जातं, फॉरवर्ड जात नाही.

३. औषधाचं माप : हे सगळ्यांत जोखमीचं. कुठं प्रमाण एका लिटरला दिलेलं असतं, कुठं १० लिटरला. "१० लिटर पाण्यात २० मिली" म्हणजे लिटरला २ मिली. त्यातलं "१०" गळालं की औषध दहापट होतं. पंप १५ लिटरचा असेल तर ३० मिली, हेही सोबत लिहून द्या. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्यामागची कारणं अनेक होती, पण फवारणीचा विषय किती नाजूक आहे हे त्यावरून कळतं. औषधाच्या ओळीबरोबर हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा ही ओळही गेलीच पाहिजे.

४. पावसाचे नेमके शब्द : "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात. "जोरदार" म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त. "तुरळक ठिकाणी जोरदार" यातलं "तुरळक ठिकाणी" काढलं, तर सगळा जिल्हा घाबरतो. दोनदा घाबरून काही झालं नाही, की तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

तुकडे कसे पाडायचे?

एका पत्रिकेचे तीन मेसेज पुरे : एक हवामानाचा, एक कपाशीचा, एक सोयाबीनचा. एका मेसेजमध्ये एकच काम. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज करा. त्यातही जिल्हा आणि तारीख तोंडानं सांगा. फोटो टाकायचा तर आकडे मोठे ठेवा. शेवटी मूळ पीडीएफ जोडा, म्हणजे शंका आली तर पडताळता येईल. हवामान विभागाच्या 'मेघदूत' ॲपवरही जिल्हावार सल्ला मराठीत वाचता येतो.

चूक झालीच तर?

व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून गुपचूप खोडू नका. "आधीच्या मेसेजमध्ये माप चुकलं, बरोबर माप हे" असा नवा मेसेज टाका आणि पुढे पाठवलेल्यांनाही तो पाठवायला सांगा. त्यात लाज कसली? फवारणी करणारा बहुतेक वेळा आपल्याच घरचा नाहीतर शेजारचा असतो.